वाढीव कार्बन डायऑक्साइडमधला बीटी कापूस : पानातली साखर-स्टार्च मोजताना या चुका टाळा

बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज विदर्भात बिगर-बीटी शेत शोधावं लागतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या प्रयोगांतही हाच कापूस हमखास येतो. ठरलेले आकडेही येतात: स्टार्च वाढला, नायट्रोजन आणि क्राय प्रथिन (बीटी जनुकामुळे झाडात बनणारं, बोंडअळीला मारणारं प्रथिन) घटलं. लगेच निष्कर्ष निघतो की जनुक मंदावलं. थांबा.

सगळ्यात मोठी गफलत भाजकात असते. समजा, १०० मिलिग्रॅम सुक्या पानात ४ मिलिग्रॅम नायट्रोजन आहे, म्हणजे ४ टक्के. जास्त कार्बन मिळाल्याने त्यात आणखी १५ मिलिग्रॅम स्टार्च साठला, तर तेच ४ मिलिग्रॅम आता ११५ मध्ये मोजले जातात आणि टक्केवारी साडेतीनवर येते. नायट्रोजन होता तेवढाच आहे! क्राय प्रथिनाचंही तसंच. म्हणून निकाल पानाच्या क्षेत्रफळावर द्या, शिवाय साखर-स्टार्च वजा केलेल्या वजनावरही द्या. एवढं करूनही घट उरली, तरी जनुकाला दोष द्यायची घाई नको. पानात साखर तुंबली की झाड रुबिस्को (कार्बन डायऑक्साइड पकडणारं, भरपूर नायट्रोजन लागणारं पानातलं प्रथिन) बनवणंच कमी करतं. बिगर-बीटी झाडही तेच करतं.

पानं तोडण्याची वेळ पाळा. स्टार्च दिवसभर साठतो आणि रात्री खर्च होतो. साध्या हवेतला गट सकाळी आणि वाढीव कार्बन डायऑक्साइडमधला जेवणानंतर तोडला, तर तुम्ही फक्त घड्याळ मोजलंत. दोन्ही गटांची पानं आलटून पालटून तोडा आणि जागेवरच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. पिशवीत घालून प्रयोगशाळेपर्यंत नेलेल्या पानातली साखर वाटेतच बदलते.

कुंडी लहान असेल तर मुळं कोंडतात, साखरेला जायला जागा उरत नाही आणि ती पानातच अडकते. संशोधक आर्प यांनी १९९१ मध्येच हे दाखवून दिलं होतं, तरी लहान कुंड्या काही सुटत नाहीत.

बोंडांकडे तर कुणी बघतच नाही. बिगर-बीटी झाडाची पाती (फुलांच्या कळ्या) आणि बोंडं बोंडअळीने खाल्ली की पानातली साखर घेणारंच कुणी राहत नाही आणि स्टार्च वाढतो. मग बीटी आणि बिगर-बीटीमधला फरक जनुकाचा की अळीचा? गुलाबी बोंडअळी आता बीटीलाही जुमानत नाही, त्यामुळे डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुलं) दोन्हीकडे शोधा. अळीचा बंदोबस्त दोन्हीकडे सारखा ठेवा आणि प्रत्येक झाडाची बोंडं मोजून नोंदवा. तुलनेचं वाणही त्याच वंशाचं हवं. दुकानातून आणलेलं भलतंच संकरित बियाणं चालणार नाही.

एका चेंबरमधली (कार्बन डायऑक्साइडची पातळी ठरवता येणाऱ्या बंद कक्षातली) वीस झाडं म्हणजे वीस पुनरावृत्ती नव्हेत, ती एकच. आणखी चेंबर मिळत नसतील तर निदान चेंबरांमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळ्यांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा लावा. आणि बंद चेंबरमध्ये घोळक्याने गप्पा मारत उभे राहू नका: उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ४०,००० भाग) कार्बन डायऑक्साइड असतो.