पहिल्या अल्बमचे स्वागत कसे झाले, हे कसे लिहावे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची काही तरुण मंडळी हल्ली परदेशी संगीतावर मराठीत लिहितात आणि छापायला देण्यापूर्वी लेख माझ्याकडे धाडतात. त्यांत एक वाक्य हमखास असते: ‘या अल्बमचे समीक्षकांनी भरभरून स्वागत केले.’ कोणी, कोणत्या साली आणि नेमक्या कशाचे, याचा पत्ता नसतो. काळोख्या वळणाच्या सिंथपॉप (म्हणजे सिंथेसायझरवर उभारलेले पॉप संगीत) जोडीच्या पहिल्या अल्बमबद्दल लिहिताना ही ढिलाई फार महागात पडते, कारण अशा अल्बमचे पहिले स्वागत आणि आजची कीर्ती यांत पुष्कळदा जमीनअस्मानाचे अंतर असते.

परीक्षणे वाचण्याआधी अल्बम स्वतः दोनदा ऐकावा, आणि तोही सलग. आपल्याकडे वरातीत बँडच्या गाडीवर कीबोर्ड असतो. वाजवणारा एका हाताने चाल धरतो आणि ठेका यंत्रावर सोपवतो. त्यामुळे यंत्राचा ठेका खान्देशी कानाला परका नाही. मात्र वरात पुढे सरकली, नाचणारे दमले किंवा नवरदेव दारात आला, की तो वाजवणारा ठेका बदलतो. न्यूयॉर्कच्या ‘सुइसाइड’ या जोडीच्या १९७७ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या अल्बमात ठेका हट्टाने बदलतच नाही. गायक ॲलन व्हेगा आणि वाद्ये सांभाळणारा मार्टिन रेव्ह एवढे दोघेच. ना गिटार, ना ढोलवादक, आणि गाणी अवघी सात. कारखान्यातल्या एका कंगाल कामगाराची, त्याने बायकामुलांना मारून स्वतःला संपवल्याची गोष्ट सांगणारे गाणे दहा मिनिटांहून अधिक चालते, आणि व्हेगाची किंकाळी येते तेव्हाही खालचे यंत्र तसेच धडधडत राहते. हे ऐकलेले असेल, तरच तत्कालीन समीक्षक कशावर वैतागले असतील याचा अंदाज येतो.

त्यानंतर वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, लिहिणारा आणि त्याने दिलेले कारण. मत नोंदवण्यापेक्षा कारण नोंदवणे महत्त्वाचे आहे. ‘आवडला नाही’ एवढे टिपून काही हाती लागत नाही. ‘तोच तोपणा’ हे कारण टिपले, तर वीस वर्षांनंतरच्या परीक्षणात तोच तोपणा गुण कसा ठरला, हे त्याच पानावर दिसते. ‘सुइसाइड’च्या बाबतीत पहिल्याच रकान्याने बरेच काम होते. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने हा अल्बम आला तेव्हा त्याची हेटाळणी केली होती, ब्रिटिश पत्रांचा सूर त्या मानाने अनुकूल होता, आणि २००३ मध्ये त्याच ‘रोलिंग स्टोन’ने निवडलेल्या ५०० सर्वोत्तम अल्बमांत त्याला जागा मिळाली. या तिन्ही नोंदी एका वाक्यात कोंबून ‘संमिश्र प्रतिसाद’ असे लिहिणाऱ्याने वाचकाची फसवणूक केलेली असते. हे पाप मीही केले आहे. एका दिवाळी अंकासाठी लिहिताना पुनर्मुद्रणाच्या वेळची स्तुती मी प्रथम प्रकाशनाच्या खात्यावर मांडली होती, आणि संपादकांनी समासात फक्त ‘साल?’ एवढेच लिहून लेख परत पाठवला.

श्रोत्यांचा प्रतिसाद वेगळ्या पानावर ठेवावा. जून १९७८ मध्ये ब्रुसेल्सच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी व्हेगाच्या हातचा माइक पळवला आणि पुढे दंगाच झाला. प्रसंग लिहिण्याजोगा आहे खरा, पण त्याला समीक्षा म्हणता येत नाही.

खपाचेही तसेच. ब्रिटनच्या ‘सॉफ्ट सेल’ या मार्क आमंड आणि डेव्ह बॉल यांच्या जोडीचा पहिला अल्बम १९८१ च्या नोव्हेंबरात आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. त्याआधीच त्यातले एक गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते आणि पुढे अमेरिकी यादीत ते सलग ४३ आठवडे टिकले. पण ते गाणे मुळात एड कॉबचे, साठच्या दशकात ग्लोरिया जोन्सने गायलेले. उरलेला अल्बम मात्र भाड्याच्या खोल्या, रात्रीचे क्लब आणि शहरी ओशटपणा यांविषयीचा. गाण्याची लोकप्रियता आणि अल्बमचे मूल्यमापन यांची सरमिसळ इथे हमखास होते, म्हणून गाण्याचा आकडा देताना ते कोणाचे, हेही त्याच वाक्यात सांगावे.

विशेषणांचे भाषांतर जपून करावे. इंग्रजी समीक्षक अशा संगीताला ‘कोल्ड’ म्हणतात. आपण त्याचे ‘थंड’ केले, की वाचकाला ते मंद आणि निरुत्साही वाटते; ‘कोरडे’ किंवा ‘अलिप्त’ हे शब्द अधिक जवळचे आहेत. ‘डार्क’साठी मी ‘काळोखे’ वापरतो, कारण ‘गडद’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे साडीचा रंग येतो.

नकार आणि अज्ञान यांतला फरकही पाळावा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आल्या आणि आचार्य अत्र्यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली. तोवर बहुतेक वाचकांपर्यंत त्या पोहोचल्याच नव्हत्या, त्यामुळे ‘समीक्षकांनी डावलले’ असे त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. ‘सुइसाइड’ मात्र ऐकले गेले होते आणि ऐकून नाकारले गेले होते. ‘उपेक्षित’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरू नये.

एवढे झाल्यावर ते ‘भरभरून स्वागत’ खोडून असे लिहिता येईल: ‘१९७७ च्या अखेरीस आलेला हा अल्बम अमेरिकेत फारसा कोणाला रुचला नाही, ब्रिटनमध्ये त्याला काही जाणकार मिळाले, आणि ज्या नियतकालिकाने त्याला हिणवले होते त्यानेच २००३ मध्ये त्याला मानाच्या यादीत बसवले.’ वाक्य लांब आहे. तोडायचे असेल तर दुसऱ्या स्वल्पविरामावर तोडावे.