बडोद्यात सायकलने ऑफिसला जायचंय? आधी पूल बघा, मग फ्लॅट

दर जून-जुलैत बदलीची नाहीतर नव्या नोकरीची मंडळी पुणे-नाशिक-कोल्हापूरकडून बडोद्यात येतात, कुणीतरी सांगतं म्हणून भायली, सेवासी नाहीतर गोत्रीत टू बीएचके बघतात (बिल्डिंग नवी, जागा मोठी, भाडं परवडतं) आणि सामान लागलं की विचारतात, इथून शहरात रोज सायकलने जाणं जमतं का हो? जमतं. मी भायलीत राहतो, ऑफिस रावपुऱ्यात आहे, नऊ-दहा किलोमीटर पडतं आणि पाऊण तासात आरामात पोचतो, तेही बारा महिने. फक्त इथलं गणित वेगळं आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे नंतर "बडोदा सायकलला बेकार" असं म्हणत फिरणार नाही.

गणित असं की गाव सपाट आहे. अगदी सपाट. पुण्याहून येताना एकवीस गिअरची जाड सायकल घेऊन आलात तर ठीक आहे, पण मुद्दाम घेऊ नका, कारण इथे चढ म्हणून जे काही आहे ते म्हणजे पूल. आणि पुलांपासून सुटका नाही, कारण नव्या वस्त्या पश्चिमेला आणि जुनं शहर पूर्वेला, मधून एक रेल्वेची मेन लाइन जाते आणि थोडी पुढे विश्वामित्री. म्हणजे रोज रूळ ओलांडायचे आणि नदीही ओलांडायची, जाताना एकदा, येताना एकदा. तुमचा प्रवास किती किलोमीटरचा आहे याला फारसा अर्थ नाही, तुम्ही कुठून ओलांडता याला आहे. ब्रोकर स्विमिंग पूल दाखवेल, तुम्ही त्याला विचारा इथून अकोट्याचा पूल किती लांब.

कारण माझ्या मते सायकलला सगळ्यात बरा रस्ता तोच. भायलीहून वासणा रोड, मनीषा चोकडी (म्हणजे चौक), मग जुना पादरा रोड ओलांडून अकोटा आणि तिथून अकोटा-दांडिया बाजार पूल, जो रूळ आणि नदी दोन्ही एका दमात पार करून देतो. पुलावर सोलर पॅनलचं छत केलेलं आहे, मे महिन्यात त्या सावलीत शिरलं की काय बरं वाटतं ते अनुभवूनच बघा. उतरलं की दांडिया बाजार, म्हणजे एकदम आपल्याच मराठी माणसांत, पाट्यांवर आडनावं वाचत जायचं.

दुसरा रस्ता अलकापुरीवरून. तिथे गरनाळं आहे, म्हणजे रुळांखालचा बोगदा, त्यातून गेलं की स्टेशन, सयाजीगंज, मग काळा घोडा (घोड्यावरच्या पुतळ्याचा चौक) आणि त्याच्या पुढचा नदीवरचा पूल, की कोठी, रावपुरा. अंतराला हा बरा, पण गरनाळ्यात रिक्षा, बस, स्कूटर सगळे एकाच वेळी घुसतात, आवाज घुमतो आणि कडेला सायकलला जागा अशी नसतेच. पावसाळ्यात तर ते पहिल्या जोरदार सरीत भरतं आणि बंद होतं, हे दरवर्षीचं आहे आणि दरवर्षी लोक नव्याने आश्चर्य करतात. त्यामानाने जेतलपूरचा पूल बरा, थोडा वळसा पडतो एवढंच.

आणि हो, गेंडा सर्कलपासून मनीषापर्यंत जो साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज आहे, डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो बघून मोह होईल की वरून सुळकन जाऊ. नका जाऊ. वर गाड्या भरधाव असतात, मध्येच थांबायला जागा नाही, आणि खालून रस्ता आहेच, शिवाय वरच्या पुलाची सावली फुकट.

सायकल कुठली घ्यायची यावर लोक तासभर वाद घालतात, मी दोन ओळींत सांगतो. मडगार्ड, कॅरिअर, चेन कव्हर आणि साइड स्टँड असलेली साधी सायकल घ्या, टायर जरा रुंद. गिअर हवेच असतील तर मागे सहा-सात पुरेत. टायर रुंद आणि जाड का, तर भायली-सेवासीच्या कडेला जिथे अजून शेतं आणि मोकळे प्लॉट आहेत तिथे गांडो बावळ (आपली वेडी बाभूळ) माजलेला असतो, तोडला की काटे रस्त्यावर येतात, आणि तो काटा पातळ टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो. त्यात सगळीकडे बांधकाम, डंपरमधून सांडलेली रेती, वळणावर ब्रेक मारलात की सायकल आडवी. हा भाग २०२० ला महापालिकेत आला, तेव्हापासून रस्ते रुंद होतायत खरे, पण रुंद झालेला रस्ता लगेच पुन्हा खणतात, त्यामुळे कालचा रस्ता आज तसाच असेल असं धरून अंधारात जोरात जाऊ नका. काळ्या गायी अंधारात दिसत नाहीत हा अजून एक मुद्दा, त्या डिव्हायडरला टेकून बसतात आणि हॉर्नला हलत नाहीत. पुढचा लाइट चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

आता उन्हाळा. लोकांना वाटतं त्रास बेचाळीस डिग्रीचा, मला विचाराल तर सूर्याचा त्रास जास्त. बघा, घर पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी येताना परत समोर. दोन्ही वेळा डोळ्यांत. आणि तुमच्या डोळ्यांत आहे म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या कारवाल्याच्याही डोळ्यांत आहे, त्याला पुढे चाललेली सायकल दिसत नाही, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून हेल्मेटला पुढे चोच असलेलीच घ्या, किंवा आत टोपी घाला, आणि पाठीवर पिवळा-केशरी काहीतरी असू द्या, काळी बॅग नको. शक्य असेल तर सकाळी साडेसातच्या आत निघा, रस्ताही मोकळा मिळतो. घामाचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. मी ऑफिसच्या कपाटात शर्ट-पँट घडी करून ठेवतो, टॉवेल ठेवतो, पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं, मग तोंड-हात-मान धुवायची, झालं. लगेच कपडे बदलले तर नवा शर्टही भिजतो.

संध्याकाळची गंमत वेगळी. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत नैऋत्येकडून वारा सुटतो, म्हणजे घरी जाताना तोही तोंडावर. सकाळी पाऊण तासात आलेले असता, परतताना तास लागतो, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की तब्येत उतरली. तब्येत ठीक आहे, वारा आहे. हळू चालवा, मध्ये थांबून छाश म्हणजे ताक प्या, उसाचा रस प्या, बाटलीला ओला मोजा चढवून ठेवा म्हणजे पाणी निदान पिण्याच्या लायकीचं राहतं.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून आलेल्याला हे कोणी सांगत नाही. नुसत्या पावसात सायकल चालते. रेनकोट घाला किंवा भिजा, मी तर भिजतोच, कपडे कपाटात आहेतच. प्रश्न नदीचा. विश्वामित्री पावागडकडून येते आणि वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे, सयाजीराव महाराजांनी बांधलेलं, त्याचे ते प्रसिद्ध ६२ दरवाजे. तिकडे जोर झाला की पाणी नदीतून शहरात यायला वेळ लागतो, त्यामुळे होतं काय, की भायलीत पाऊस थांबलाय, ऊनसुद्धा पडलंय, तुम्ही खुशीत निघालात आणि पुढे पोलीस पूल बंद करून उभे. म्हणून पावसाळ्यात आकाशाकडे बघून निघायचं नाही, काळा घोड्याजवळच्या पुलाखालच्या पाण्याची लेव्हल आणि आजव्याची लेव्हल बघून निघायचं, ती बातम्यांत आणि महापालिकेकडून येत असते. पुलाखाली २६ फूट ही नदीची धोक्याची खूण. वीस-बावीसच्या पुढे गेली आणि चढतीच आहे असं दिसलं, तर मी त्या दिवशी सायकल काढत नाही, कारण सकाळी जाता येईल पण संध्याकाळी परत कुठून येणार? २०२४ च्या ऑगस्टमध्ये ३५ फुटांच्या वर गेली होती. आणि ३१ जुलै २०१९ ला तर एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस, ते ज्यांनी बघितलं ते अजून ऑगस्ट संपेपर्यंत नीट झोपत नाहीत.

मगरींचं ऐकलं असेलच. थट्टा नाही ती, २०२५ च्या मोजणीत विश्वामित्रीत ४४२ निघाल्या, आणि पूर आला की त्या सोसायट्यांत फिरतात. एरवी पुलावरून जाताना काही भीती नाही, पण साचलेल्या पाण्यातून सायकल ढकलत जायची हौस नदीकाठच्या भागात करू नका. एक तर मगर, आणि मगर नसली तरी उघडं गटार असतंच, मला तर त्याचीच जास्त धास्ती. बेसमेंट पार्किंग असेल तर पावसाळ्याचे तीन महिने सायकल वर घरात आणा, लिफ्टमध्ये पुढचं चाक उभं केलं की मावते. सोसायटीवाले कुरकुर करतील, करू द्या, बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की तेच येऊन विचारतात तुमची कशी वाचली. चेनला तेल दर चार-पाच दिवसांनी, आणि ब्रेकचे रबर पावसाळ्याआधी बदलून घ्या.

गणपतीत आणि नवरात्रात वेळेचं भान ठेवा. दांडिया बाजार-रावपुरा म्हणजे गणपतीचं माहेरच, विसर्जनाच्या दिवशी त्या बाजूने सायकल काय, चालत जाणंही अवघड. आणि नवलखीच्या कुंडाकडे मिरवणुका जातात त्यामुळे तो सगळाच पट्टा धरून चाला की बंद. नवरात्रात दिवसा काही नाही, पण रात्री नवाच्या सुमाराला सगळं गाव चणिया-चोळीत स्कूटरवर निघतं, एका गाडीवर तिघं-तिघं, रॉंग साइडने. आठच्या आत घरी पोचलेलं बरं. मग तुम्हीही जा गरब्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे महाराष्ट्रातून आलेल्याच्या ध्यानीमनीही नसतं: उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. डिसेंबरात थंडी पडते, सकाळी बारा-तेरा डिग्री, सायकलला याहून छान हवा नाही, आणि नेमकं तेव्हाच पतंग सुरू होतात. दोर काचेचा मांजा लावलेला असतो, नायलॉनच्या दोरावर बंदी आहे तरी येतोच. रस्त्यावर आडवा आला तर दिसत नाही, गळ्यापाशी लागतो. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात, डिसेंबर अखेरीस चौकाचौकात विकायला असते, सायकलला तीच जरा वाकवून बसते, बसवून घ्या. आणि गळ्याला जाड मफलर दोन वेढे, वरपर्यंत, फॅशन म्हणून नाही. पुलावर जास्त जपायचं कारण तिथे दोर मोकळा लोंबत येतो, अडवायला झाड नाही की घर नाही. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायण, मी सायकलला हात लावत नाही. तसंही सुट्टी असते, गच्चीवर जा, उंधियू खा.

पण सोळा तारखेला संपलं असं समजू नका. दोर झाडांवर, तारांवर महिनाभर लटकतो आणि रस्त्यावर गुंता पडलेला असतो, तो चाकात जातो. संध्याकाळी घरी आलात की मागचं चाक उचला आणि हबपाशी बघा, गिअरच्या चकतीच्या आणि हबच्या मधल्या फटीत गुलाबी-हिरवा दोर घट्ट गुंडाळलेला दिसेल, इतका घट्ट की नखाने निघत नाही. ओढू नका, बोट कापतं. ब्लेडने एका जागी आडवा कापायचा, मग चाक उलटं फिरवत चिमट्याने सोडवत जायचं. राहू दिलात तर तो आत सरकत बेअरिंगपर्यंत जातो, ग्रीस खेचून घेतो, आणि फेब्रुवारीत चाक कुरकुरायला लागतं तेव्हा दुकानवाला हब बदला म्हणतो. जुन्या शहरातले पंक्चरवाले काका मात्र चाक फिरवून नुसत्या आवाजावरून सांगतात, दोर आहे. त्यांच्याशी ओळख ठेवा. मोठ्या शोरूममध्ये सर्व्हिसला आठ दिवस ठेवून घेतात, इथे उभ्या उभ्या होतं, आणि गुजराती मोडकीतोडकी बोललात तरी चालतं, समोरून बऱ्याचदा मराठीच येतं.

ऑफिसात सुरुवातीला सगळे विचारतील, गाडी बिघडली का साहेब? पेट्रोलचे पैसे वाचवताय का? उत्तर द्यायची गरज नाही, महिन्याभरात कंटाळतात. वॉचमनशी मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्या, सायकल आतल्या बाजूला, त्याच्या खुर्चीसमोर लावू देतो का ते विचारा. स्कूटरच्या रांगेत लावलीत तर संध्याकाळी ती सगळ्यात खाली पडलेली असते.

पहिल्यांदा जायचं ते रविवारी सकाळी सातला जाऊन या, रस्ता कळेल, खड्डे कळतील, दांडिया बाजारात सेव उसळही होईल. फक्त रविवारची वेळ धरून सोमवारी निघू नका, सोमवारी एकट्या मनीषा चोकडीलाच दोन-तीन सिग्नल जातात, वीस मिनिटं जास्तीची ठेवा.