पळणं जमलं, मागणं जमेना

आत्या गेल्यावर आम्ही घरच्यांनी मिळून एक छोटा ट्रस्ट काढला. उपचारासाठी लांबून आलेल्या मुलांच्या आईवडिलांची हॉस्पिटलजवळ राहायची सोय करायची, एवढंच त्याचं काम. दोन वर्षांत खातं तळाला गेलं आणि एका रात्री मी बोलून बसले, "मी मॅरेथॉन पळते, त्यावर देणग्या गोळा करू." तोवर मी सलग तीन किलोमीटरही पळाले नव्हते.

तयारीला आठ महिने होते. कोरी पाटी असेल तर एवढे लागतातच. पहिले दोन महिने चाल-पळ, मग आठवड्यातून चार दिवस पळणं, त्यातला एक लाँग रन. वेग किती, तर शेजारच्याशी बोलता येईल इतकाच. सर्वांत लांबचा रन ३२ किलोमीटरचा, तोही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत जायचं. याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मागण्याबद्दल कुणी सांगत नाही.

मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. १९ अंगठे आले, देणग्या दोन. मामा तर म्हणाले, "तुझ्या पळण्याचा नि देणगीचा संबंध काय?" प्रश्न खराच होता. मग डोक्यात आलं, अंतर वाटून टाकू. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकचा, १९२१ मध्ये तो कायम झाला. एकेकाला फोन करून मी एकेक किलोमीटर 'दिला'. मामांना ३१वा. उरलेले १९५ मीटर भाचीने स्वतःच्या गल्ल्यातून घेतले. फोन करताना जीभ अडखळायची, पण 'नाही' म्हणणारे फार थोडे निघाले.

ट्रस्ट घरचाच असला की लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पैसे घरातच फिरणार अशी शंका असते. त्यामुळे देणगी थेट ट्रस्टच्या खात्यात, पावती त्याच दिवशी, आणि प्रवेश फी, शूज सगळं माझ्या खिशातून. हे मी न विचारताच सांगायचे. करसवलत मिळेल की नाही हे मात्र हिशेबनिसाला विचारल्याशिवाय कुणाला कबूल करू नका.

खरी चूक पाचव्या महिन्यात झाली. २४ किलोमीटरचा रन जोशात जोरात पळाले आणि नडगी दुखायला लागली. फिजिओने दोन आठवडे विश्रांती सांगितली. पण तोवर वाटलेल्यातल्या निम्म्या किलोमीटरांचे पैसे जमा झाले होते! लोकांना काय तोंड दाखवू, म्हणून सहाव्याच दिवशी पळाले. दोन आठवड्यांचे पाच झाले. देणगीचं ओझं हे असं पायांवर येतं. तेव्हा पहिल्याच फोनमध्ये सांगून टाका: दुखापत झाली तर शर्यत पुढे जाईल, पैसे मात्र कामालाच लागतील. मी हे उशिरा सांगितलं. एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी नवीन काही अंगावर घालायचं नाही, हे ऐकूनही मी नवे मोजे घातलेच. दोन नखं काळी पडली. मांड्यांना, काखेत व्हॅसलीन मात्र विसरू नका. पाणी तहानेपुरतंच, भीतीपोटी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. एनर्जी जेल, म्हणजे पळताना खायची गोड पेस्ट, लाँग रनमध्ये पोटाला मानवलेलंच घ्यायचं.

मनगटावर मी नावांची पट्टी चिकटवली होती. घामाने तिसाच्या पुढची शाई पसरली, आणि नेमकी तिथेच ती हवी होती. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, त्यालाच पळणारे 'वॉल' म्हणतात. माझे पाय ३१व्याला थांबले. पूर्ण किलोमीटर चालले, मग पुन्हा कशीबशी धावले. ५ तास १२ मिनिटं लागली.

देणग्या घेणं शर्यतीच्या दिवशीच बंद करू नका. आमच्याकडे बऱ्याच देणग्या नंतरच्या आठवड्यात आल्या, फोटो पाहून. मामांचाही फोन आला.

"माझा किलोमीटर नीट पळालीस ना?"

"नाही मामा, तोच चालत काढला."

"मग पुढच्या वर्षी तोच परत घेतो."