साखरेचा डबा न उघडता आमरस आणि शिकरण गोड कसं करायचं

फळं हेल्दी म्हणून शिकरण करायचं आणि वरून 3 चमचे साखर ओतायची, हे मला आता बघवत नाही. आणि त्यावर मिळणारे सल्ले काय, तर साखरेऐवजी मध घाला नाहीतर सिरप घाला! अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मध, सिरप, एवढंच काय गाळलेला ज्यूससुद्धा साखरेतच धरतात, आणि ती सगळी मिळून 2,000 कॅलरीच्या आहारात दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर 25 च्या, असं सांगतात. अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत.

वरून साखर लागते कारण फळ नीट पिकलेलं नसतं. बाकी काही नाही.

खरेदी: आंबा, केळं, चिकू घरी आणल्यावर पिकतात. मोसंबी, द्राक्षं, अननस तोडल्यानंतर गोड होत नाहीत, आंबट निघाली तर आंबटच, तेव्हा चाखूनच घ्या.

आता पिकवणं. इथेच सगळे फसतात, मीही फसले. वाशी मार्केटमधून पेटी आणलेली, आंबे कडक हिरवे, आणि ठाण्याचा मे महिना, म्हटलं सडतील, म्हणून निम्मे सरळ फ्रिजमध्ये टाकले. 4 दिवसांनी नणंदेकडची मंडळी जेवायला आली, आंबा पिळला तर आत फिकट, आंबट ढाण. सासूबाई म्हणाल्या, "काकडले गं ते." पातेलंभर रसात वाटीभर साखर गेली तेव्हा कुठे तो खाण्यासारखा झाला. साधारण 12-13 डिग्रीच्या खाली कच्चा आंबा पिकायचाच थांबतो आणि नंतर बाहेर काढला तरी धड होत नाही. म्हणून आधी पिकू दे, मगच फ्रिज.

पद्धत अशी. पेंढा असेल तर पेंढा, नाहीतर वर्तमानपत्र, त्यावर आंबे एका थरात, एकमेकांना न चिकटवता, वरून पुन्हा कागद, आणि खोलीत हवा खेळती. रोज हात लावून बघायचं, तयार झालेला बाजूला काढायचा, एक सडला तर शेजारचे घेऊन जातो. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच बांधू नका, घाम सुटतो आणि बुरशी येते. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळे देतात, 3-4 चिकूंना चालतो, आंबे मात्र मी एकदा त्यात विसरले आणि तांदूळच धुवायची वेळ आली. चिकू लवकर हवे असतील तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं सोबत टाका, त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने बाकीची फळंही पिकतात.

रंगावर जाऊ नका. कार्बाइडने पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, तसला आंबा सालीने पिवळाधमक आणि आत कच्चाच असतो. देठाशी नाक लावा, वास आला पाहिजे, आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर देठाजवळ किंचित नरम लागलं पाहिजे. हापूसच्या सालीला बारीक सुरकुती आली की माझ्या मते तोच खरा दिवस. केळ्याला काळे ठिपके आले की लोक टाकायला निघतात, अहो तेव्हाच तर त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते!

पुढचं सोपं. केळी हाताने कुस्करा, थंड दूध, वेलची. आमरसात चिमूटभर मीठ आणि सुंठ, गाळायचा नाही. वाढायला एक वाटी, पातेलं टेबलावर नको. डायबेटिस असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

पहिला आठवडा घरचे तोंड वाकडं करतील, करू द्या, फक्त साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवा. अगदीच काळी पडलेली केळी सोलून फ्रीझरमध्ये टाका, मुलांच्या मिल्कशेकला तीच घालते मी.