शेअर घेण्याआधी बिड-आस्क कसे बघावे

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली यायच्या आत मोबाइलवर शेअर घेऊन मोकळे होणारे हल्ली बरेच दिसतात. ॲपमधला ठळक आकडा बघायचा आणि ‘बाय’ दाबायचं. तो आकडा म्हणजे एलटीपी, शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव. तुम्हालाही त्याच भावाला शेअर मिळेल, असं कुणी कबूल केलेलं नसतं.

म्हणून आधी शेअरच्या नावावर टिचकी मारून ‘मार्केट डेप्थ’ उघडा. एकीकडे पाच बिड दिसतील, म्हणजे घेणारे काय भाव द्यायला तयार आहेत ते. दुसरीकडे पाच आस्क, म्हणजे विकणारे काय मागताहेत ते. काही ॲपांत आस्कला ‘ऑफर’ म्हणतात. आत्ताच्या आत्ता घ्यायचं तर आस्कचा भाव मोजावा लागतो आणि विकायचं तर बिडच्या भावावर समाधान मानावं लागतं. दोन्हींतली तफावत म्हणजे स्प्रेड.

मग भावाशेजारची क्वांटिटी वाचा. खरी गोम इथे असते. समजा एलटीपी १८४.१० आहे आणि वरचं बिड १८३.५०. आस्कमध्ये १८४.६० ला ४० शेअर, १८५.२० ला ११० आणि १८७ ला २५० आहेत. तुम्ही ३०० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर टाकलीत, तर पहिल्या दोन ओळी संपतील आणि उरलेले १५० शेअर १८७ ला गळ्यात पडतील. एकूण ५५,८०६ रुपये, म्हणजे सरासरी १८६.०२. एलटीपीच्या हिशेबाने ५५,२३० व्हायला हवे होते. ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) धरायच्या आधीच ५७६ रुपये गेले! निफ्टीतल्या मोठ्या कंपन्यांत स्प्रेड सहसा काही पैशांचाच असतो, तिथे एवढी चिंता नको. छोट्या कंपन्यांत मात्र मार्केट ऑर्डरच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते आधीच ठरवून द्या. वरच्याच उदाहरणात १८५.२० ची लिमिट लावली, तर ४० शेअर १८४.६० ला मिळतील, ११० शेअर १८५.२० ला, आणि उरलेल्या १५० ची तुमचीच मागणी बिडच्या पहिल्या ओळीत जाऊन बसेल. घाई नसेल तर १८३.५० ला ऑर्डर लावून थांबा. पण रांगेचा नियम लक्षात ठेवा: आधी भाव बघितला जातो, भाव सारखा असेल तर आधी आलेल्याचा नंबर आधी. एनएसई या शेअर बाजारात जून २०२४ पासून २५० रुपयांखालच्या शेअरमध्ये एका पैशाच्या फरकाने भाव लावता येतो, त्यामुळे १८३.५१ वाला तुमच्या पुढे सहज घुसतो. मध्येच ऑर्डरचा भाव बदललात किंवा क्वांटिटी वाढवलीत, तर तुमचा आधीचा नंबर जातो.

डेप्थच्या तळाशी खरेदी-विक्रीची एकूण क्वांटिटी दिसते. ‘बायर जास्त आहेत, म्हणजे भाव चढणार’ हा निष्कर्ष तिच्यावरून काढू नका. त्या ऑर्डरी कधीही रद्द होऊ शकतात, आणि कित्येक तर बाजारभावापासून बऱ्याच लांब लावलेल्या असतात.

एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांची डेप्थ वेगवेगळी असते. एकीकडे स्प्रेड मोठा दिसला तर दुसरीकडेही नजर टाका. सकाळी ९.१५ ला बाजार उघडतो, त्यानंतरची पहिली काही मिनिटं स्प्रेड रुंद असू शकतो. अगदीच निकड नसेल तर तेवढं थांबावं.

कधी एक बाजू पूर्ण रिकामी दिसते. आस्क रिकामे म्हणजे बहुतेकदा शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या भाववाढीच्या मर्यादेला आहे, विकणारा कुणी नाही. बिड रिकामे म्हणजे बहुतेकदा लोअर सर्किट, घसरणीची मर्यादा. तेव्हा स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर) लावलेला असला तरी समोर घेणारा येईपर्यंत तुमचे शेअर विकले जात नाहीत.