बार्बिच्युरेट दिलं की मसल ढिले का पडतात, व्हायवाआधी (तोंडी परीक्षेआधी) हे नीट कसं समजून घ्यायचं

मागच्या रविवारी भाचा आला, एमजीएम मेडिकल कॉलेजला सेकंड इयरला आहे, हातात पोह्यांची प्लेट आणि बसल्याबसल्या पहिलाच सवाल, "मावशी, बार्बिच्युरेटनं मसल रिलॅक्स होतात ना?" बार्बिच्युरेट म्हणजे मेंदू शांत करून झोप किंवा भूल आणणारी औषधं. मी म्हटलं ढिले पडलेले दिसतात खरे, पण औषध नक्की कुठे बसलंय ते सांग. तिथे अडला. बहुतेकांचं तिथेच अडतं, इतकी वर्षं शिकवून मला हे माहीत आहे, म्हणून त्याला जसं समजावलं तसंच लिहितेय, फिजिओ आणि नर्सिंगवाल्यांना पण चालेल.

पाठ करायच्या आधी कागद घ्या आणि वरून खाली पाच घरं काढा. मेंदू, मज्जारज्जू, नर्व्ह, मग नर्व्ह आणि मसलचं जंक्शन, आणि सगळ्यात खाली मसल. घरात अंधार झाला की आपण लगेच बल्ब बदलत नाही ना, आधी शेजारी लाईट आहे का बघतो, मग मेन स्विच. इथे पण तसंच वरून खाली यायचं.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या घराला द्या. मेंदूत गाबा-ए रिसेप्टर असतो, म्हणजे गाबा नावाचं शांत करणारं रसायन जिथे बसतं ते पेशीवरचं दार (चॅनल), तो उघडला की क्लोराइड आत जातं आणि न्यूरॉन शांत होतो. बार्बिच्युरेट ते चॅनल जास्त वेळ उघडं ठेवतं, आणि डायझेपामच्या जातीची औषधं ते जास्त वेळा उघडतात, हा फरक विचारतातच विचारतात. पण खरी गोष्ट पुढे आहे. डोस वाढला की बार्बिच्युरेट गाबा नसला तरी स्वतःच चॅनल उघडतं, शिवाय ग्लुटामेट या न्यूरॉनला चेतवणाऱ्या रसायनाचा एएमपीए रिसेप्टर पण दाबतं, म्हणून त्याला वरची मर्यादाच राहत नाही, झोपेवरून बेशुद्धी आणि तिथून श्वास बंद. इथे नीट लक्ष द्या, श्वास थांबतो तो मेडुलातलं (मेंदूच्या खालच्या टोकातलं) श्वासाचं केंद्र दबल्यामुळे, डायफ्रामला लकवा मारला म्हणून नाही. आणि फ्लुमाझेनिल, म्हणजे डायझेपामच्या जातीच्या औषधांवरचा उतारा, इथे कामाचं नाही, पेशंटला श्वास देत राहणं हाच उपचार.

मज्जारज्जूत जे रिफ्लेक्स अनेक सिनॅप्समधून (न्यूरॉनच्या जोडांमधून) जातात ते दबतात, टोन कमी होतो, पेशंटचा हात उचलून सोडला तर धप्पकन पडतो. मसल ढिला दिसतो तो इथपर्यंतच्या कारणांनी. नर्व्ह, नेहमीच्या डोसला काही खास नाही, पुढे चला. जंक्शनवर फक्त मोठ्या डोसला, नर्व्हचा निरोप मसलला पोचवणाऱ्या अॅसिटिलकोलीनला मिळणारा प्रतिसाद थोडा मंदावतो, म्हणून क्युरारेसारख्या, जंक्शनवर निरोप अडवणाऱ्या औषधाचा असर बार्बिच्युरेटबरोबर वाढू शकतो.

शेवटच्या घरात, म्हणजे मसलवर, नेहमीच्या डोसला काही नाही. आता हे पटवून कसं घ्यायचं? बेडकाच्या सायटिक नर्व्ह आणि पोटरीच्या मसलचा जुना प्रयोग आठवा, आता कॉम्प्युटरवर दाखवतात. एकदा नर्व्हला शॉक द्यायचा, एकदा थेट मसलला. नर्व्हनं आकुंचन नाही पण थेट शॉकनं आहे, म्हणजे बिघाड मधल्या जंक्शनवर, क्लॉड बर्नार्डनं क्युरारेचं काम याच रीतीनं ओळखलं होतं. आणि दोन्हीकडून चांगलं आकुंचन येतंय पण जिवंत प्राणी मात्र गाढ झोपलेला, तर समजा की औषध वर बसलंय. नेहमीच्या डोसला बार्बिच्युरेटचं असंच असतं. वाचून नाही समजलं तर दोन्ही ग्राफ हातानं काढा, खरंच काढा.

ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) पोस्टिंगला पण हे दिसतं. आजकाल भुलीसाठी प्रोपोफॉल जास्त वापरतात, पण थायोपेंटोन हे बार्बिच्युरेट दिसलं तर बघा, अर्ध्या मिनिटात झोप लागते पण श्वासाची नळी टाकायला मसल ढिले करणारं औषध वेगळं द्यावं लागतं. भूल हलकी असेल तर लॅरिंक्स (स्वरयंत्र) उलट आवळतं पण. मसलच ढिला करणारं औषध असतं तर असं झालं असतं का?

भाच्यानं मग विचारलं, हार्ट पण मसलच ना. चांगला सवाल. हात-पायांच्या मसलला लागणारं कॅल्शियम मुख्यतः पेशीच्या आतल्या साठ्यातून येतं, हार्टला आणि स्मूथ मसलला (रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या मसलला) बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमची जास्त गरज, आणि मोठ्या डोसला बार्बिच्युरेट नेमका तो पुरवठा कमी करतं. म्हणून शिरेतून थायोपेंटोन दिलं की हार्टचा जोर घटतो, शिरा पण फैलतात, बीपी पडतो. गर्भाशयाचं पण लक्षात ठेवा, झोपेच्या डोसनं कळा फारशा कमी होत नाहीत, पूर्ण भूल दिली तर होतात.

आमच्या रामबागेतले एक काका कित्येक वर्षं रात्री फिनोबार्बिटोन हे बार्बिच्युरेट घेतात, फिट्ससाठी, आणि सकाळी दुकानात पोती उचलतात. झटके थांबले, ताकद शाबूत. मात्र तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू देऊ नका, एकदम थांबवली की हात थरथरतात, फिट्स उलटून येतात, कधी कधी जिवावर बेततं. गोळीचा असर उतरायला दिवस लागतात, हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण चार दिवसांचं आहे, त्यामुळे त्रास पण उशिरा सुरू होऊ शकतो. आणि खूप वर्षांनी जिना चढताना मांड्या थकायला लागल्या तर डॉक्टरांना सांगून व्हिटॅमिन डी तपासून घ्या, ही गोळी लिव्हरचे एन्झाइम वाढवते आणि त्यात हे व्हिटॅमिन लवकर संपतं.