पेलेट स्टोव्ह अडला, तर आधी राख आणि हवा तपासावी

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉन्ट आणि मेन या राज्यांत, लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणारे पेलेट स्टोव्ह पुष्कळ घरांत दिसतात. आमच्याही घरी तो आहे. बाहेरचे तापमान शून्याखाली 15 अंशांवर गेलेले असताना हा स्टोव्ह बंद पडला, की मोटर किंवा सर्किट बोर्ड जळाल्याची शंका सर्वांत आधी येते. आमचा अनुभव मात्र असा आहे की बहुतेक वेळा दोष विजेचा नसतो. राखेने कुठे तरी हवेची वाट अडवलेली असते. ज्यांनी लहानपणी पाण्याचा बंब पेटवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. खालची राख झाडली नाही तर बंब पेटत नाही, नुसता धुमसतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी स्टोव्हची रचना समजून घ्यावी. हॉपरमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या टाकीत, भरलेल्या गोळ्या ऑगर नावाचा मळसूत्री दांडा थोड्या थोड्या पुढे ढकलतो, त्या बर्न पॉटमध्ये, म्हणजे जळणाच्या भोके असलेल्या भांड्यात, पडतात आणि इग्नाइटर त्या पेटवतो. एक पंखा धूर बाहेर खेचतो, तर दुसरा खोलीत गरम हवा सोडतो. धूर खेचणाऱ्या पंख्यामुळे आतील हवेचा दाब किंचित कमी होतो. तो पुरेसा कमी झाला नाही, तर बहुतेक स्टोव्हमधील व्हॅक्यूम स्विच ऑगरचा वीजपुरवठा तोडतो, कारण तसे न झाल्यास धूर घरात येईल. हे लक्षात घेतले म्हणजे ‘गोळ्या पडत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा ऑगरची नसून हवेची का असते, ते कळते.

कोणताही भाग उघडण्यापूर्वी स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्यावा आणि प्लग काढून ठेवावा.

गोळ्या पडत नसतील तर प्रथम हॉपर पाहावा. तो रिकामा नाही ना, झाकण आणि दार नीट बसले आहे ना, तळाशी भुसा साचून गोळ्यांची कमान होऊन त्या वरच अडकल्या तर नाहीत ना, हे तपासावे. त्यानंतर व्हॅक्यूम स्विचकडे जाणारी रबरी नळी काढून पाहावी. दोन हिवाळ्यांपूर्वी मी ऑगरची मोटर बिघडली असे ठरवून नवी मागवली, चार दिवस थंडीत काढले आणि ती बसवली, तरी एकही गोळी पडेना. शेवटी ती नळी ओढून काढली, तेव्हा तिच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा राखेचा घट्ट बोळा निघाला. नळी साफ करताना ती स्विचपासून सोडवूनच फुंकावी, नाही तर स्विचमधील पातळ पडदा फाटतो. स्विचला बगल देऊन तारा परस्पर जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये.

स्टोव्ह पेटत नसेल तर बर्न पॉट बाहेर काढून त्याची सर्व भोके उजेडासमोर धरून पाहावीत. गोळ्यांमध्ये साल किंवा माती मिसळलेली असली, की त्यातील वाळूचा अंश वितळून काळपट, चिक्कीसारखा कडक थर तळाशी जमतो आणि हवेची भोके बुजवतो. तो खरवडून काढावा, इग्नाइटरसमोरचे भोक विशेष लक्षपूर्वक मोकळे करावे आणि पॉट परत बसवताना तो डगमगत नाही याची खात्री करावी. एवढे करूनही इग्नाइटर तापत नसेल, तरच तो बदलण्याचा विचार करावा. पेटण्याचा प्रयत्न फसून पॉटमध्ये गोळ्यांचा ढीग साचला असेल, तर तो उपसल्याशिवाय स्टोव्ह पुन्हा सुरू करू नये, कारण साचलेला धूर एकदम भडकू शकतो. उपसलेल्या गोळ्या पुन्हा हॉपरमध्ये टाकू नयेत. त्यांत एखादा निखारा लपलेला असू शकतो.

ज्योतीकडे रोज पाहण्याची सवय ठेवावी. चांगली ज्योत आखूड, पिवळसर पांढरी आणि चपळ असते. ती उंच, तांबूस आणि आळसावल्यासारखी डुलू लागली, किंवा काचेवर काळी काजळी धरू लागली, की हवा कमी पडते आहे असे समजावे. काचेवरचा फिकट राखाडी थर मात्र नेहमीचाच असतो. दाराच्या गॅस्केटमधून, म्हणजे कडेच्या हवाबंद पट्टीतून, हवा शिरत असल्यासही ज्योत अशीच आळसावते आणि काजळी धरते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढावी. सहज निघून आली, तर तेथील गॅस्केट बदलण्याची वेळ झाली आहे.

देखभालीचा क्रम आम्ही असा ठेवला आहे. रोज बर्न पॉट खरवडायचा, आठवड्यातून एकदा राखेचा ट्रे रिकामा करून आतील नळ्या आणि कोपरे साफ करायचे, आणि सुमारे एक टन, म्हणजे 40 पौंडांच्या 50 पिशव्या, जाळून झाल्यावर धुराडे आणि धूर खेचणाऱ्या पंख्याची पाती ब्रशने घासायची. वर्षातून एकदा जाणकाराकडून धुराड्याची तपासणी करून घ्यावी. राख काढण्यासाठी घरातील साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. बारीक राख त्याच्या गाळणीतून खोलीभर पसरते, आणि जिवंत निखारा आत गेला तर पिशवी पेट घेते. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घराबाहेर, लाकडी डेकपासून दूर, काही दिवस ठेवावी.

गोळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांना सहसा वेगळा डिंक नसतो. लाकडातील लिग्निनच त्यांना धरून ठेवते, म्हणून ओल लागताच त्या फुगून भुसा होतात. एक गोळी पाण्यात टाकून पाहिली तर काही मिनिटांत याची खात्री पटते. हाच ओला भुसा ऑगरमध्ये सुकला, की सिमेंटसारखा घट्ट बसतो.

वीज गेली की धूर खेचणारा पंखा थांबतो आणि धूर घरात येऊ शकतो. त्यामुळे शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस जोडणे हिताचे आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर झोपण्याच्या खोल्यांजवळ असायलाच हवा. त्याबाबत चालढकल करू नये.

हिवाळा संपल्यावर हॉपर आणि ऑगर रिकामे करावेत, सगळी राख काढावी, कारण दमट हवेत ती पत्रा खाते, आणि प्लग काढून ठेवावा. पक्ष्यांनी घरटे करू नये म्हणून आम्ही धुराड्याच्या बाहेरच्या तोंडावर कापड बांधतो आणि ‘आधी कापड काढा’ अशी चिठ्ठी स्टोव्हच्या प्लगलाच दोऱ्याने बांधून ठेवतो.